चर्चचे पहिले काम कोणते?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

चर्चविषयी वर्तमानपत्रात सहसा तीन निमित्तांनी छापून येते : नाताळची रोषणाई, जागेचा वाद आणि धर्मांतराचा आरोप. या तिन्हींच्या गलबल्यात चर्च मुळात असते कशासाठी, हे विचारायचे राहून जाते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांच्या कानावर दोनच उत्तरे येतात, शाळा-दवाखाने चालवायला किंवा लोकांचा धर्म बदलायला. वाईट याचे वाटते की आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, पुष्कळांनाही याहून वेगळे काही सांगता येत नाही. वार्षिक सभेची विषयपत्रिका काढून पाहा : मागील इतिवृत्त, जमाखर्च, कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीची निवड, कंपाउंडची भिंत, आयत्या वेळचे विषय. मंडळी ज्या कामासाठी आहे त्याला त्यात ओळसुद्धा नसते. पत्र लांबले आहे, हवे तर दोन भागांत छापावे, पण तपशील गाळू नयेत ही विनंती.

शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, उत्तर सरळ आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, २८व्या अध्यायात, येशू शिष्यांना सांगतो की सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या आणि मी जे सांगितले ते सगळे पाळायला शिकवा. माणसाला येशूचा शिष्य करणे हे मूळ काम. बाप्तिस्मा हा त्यातला एका दिवसाचा टप्पा, आणि पाळायला शिकवणे हा जन्मभराचा. आमच्याकडे जोर पडला तो बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवर, आणि शिकवणे मागे पडले, असे माझे स्पष्ट मत आहे. न शिकलेला माणूस सभासदांच्या यादीत राहतो, निवडणुकीत मतही देतो. पण शेजाऱ्याशी भांडण झाले, हुंड्याचा प्रश्न आला, दुकानात माप मारायची वेळ आली, की त्याच्या वागण्यात येशूचे काहीच दिसत नाही.

काही जण म्हणतात, देवाची उपासना हेच पहिले काम. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या १६४७ सालच्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न माणसाच्या मुख्य हेतूविषयी आहे आणि उत्तर आहे देवाचे गौरव करणे व सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणे. दुसरीकडे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये म्हटले की चर्च स्वभावतःच मिशनरी आहे. यात मला विरोध दिसत नाही. रविवारी देवापुढे वाकलेला माणूस सोमवारी कारखान्यात, कोर्टात, बाजारात पाठवलेला असतो. उपासनेतून बाहेर काहीच जात नसेल तर तो दर आठवड्याचा कार्यक्रम होतो, आणि उपासना सोडून नुसती सेवा केली तर ते काम कोणतीही चांगली संस्था करते. त्याला चर्च लागत नाही.

पहिल्या मंडळीचा नित्यक्रम बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एका वचनात दिला आहे : प्रेषितांचे (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांचे) शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. त्यात जमीन नाही, संस्था नाही. पहिली जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक मुख्यतः घरांतच जमत. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस इथल्या उत्खननात तिसऱ्या शतकातले चर्च मिळाले, तेही एका राहत्या घरात फेरफार करून केलेले आहे. मधली भिंत काढून दोन खोल्यांची सभेची जागा केली आहे आणि एका वेगळ्या खोलीत बाप्तिस्म्याचे टाके बांधले आहे. सोलापुरातल्या प्रत्येक पंच कमिटीने एकदा स्वतःला विचारावे की उद्या इमारत, कंपाउंड आणि गाळे हातचे गेले तर पुढच्या रविवारी काय उरेल.

प्रेषितांच्या कृत्यांचाच सहावा अध्याय आपल्या शहराला फार लागू पडतो. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जाई. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची कुरकुर सुरू झाली की आमच्या विधवांना डावलले जाते आणि इब्री बोलणाऱ्यांना आधी मिळते. प्रेषितांनी हे भांडण किरकोळ म्हणून झटकले नाही आणि प्रार्थना वाढवा असे सांगून मिटवलेही नाही. सगळ्यांची सभा बोलावली आणि चांगल्या नावाची सात माणसे निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच, ही सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार ज्यांची होती त्यांच्याच हाती वाटपाचे काम गेलेले दिसते. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत बोलल्या जातात. ज्या मंडळीत तेलुगू वा कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत पण पंचांत, दान मोजणाऱ्यांत, शास्त्रवाचन करणाऱ्यांत त्यांचे कोणीच नाही, तिथे हा अध्याय वाचून निवडणूक घ्यावी. महिन्यातून एका रविवारी एक वाचन आणि एक गीत त्यांच्या भाषेत घेतले तर दहा मिनिटे जास्त लागतात, बाकी काही नाही.

शाळा आधी की मंडळी आधी, हा वादही आपल्याकडे जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३मध्ये मुंबईत उतरले, १८३१मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठाणे झाले, १८४२मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर हे मोठे केंद्र झाले. १८५४-५५मध्ये बोस्टनच्या मुख्य मंडळाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि शुभवर्तमान स्वतः पसरवावे, ही त्यांची त्रिसूत्री. इंग्रजी शाळांवरचा खर्च आवरून खेड्यांतल्या मराठी मंडळ्या आणि मराठी पाळक (पास्टर) यांवर भर द्या, असा त्यांचा आग्रह होता. धोरण तत्त्वाने बरोबर, पण एका बाजूला झुकलेले होते : वाचता न येणाऱ्या माणसाला शुभवर्तमान हातात देऊन काय होणार? मिशनला शाळांकडे पुन्हा वळावेच लागले. पुढे १८७६-७८चा दुष्काळ आला, मग १८९६ आणि १८९९चे. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. पोरकी मुले, धान्य, खडी फोडण्याची कामे हे सगळे मिशनच्या अंगावर आले. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली आणि विधवा आणून ठेवल्या. सोलापूरच्या वोरोनोको आणि मेरी बी. हार्डिंग या शाळा मिशनच्या त्याच काळातल्या शिक्षणकार्याचा वारसा आहेत. हे काम शिष्यत्वातून उगवले, म्हणून टिकले. आज मात्र पुष्कळ ठिकाणी क्रम उलटला आहे आणि मंडळी शाळेच्या जागेचा हिशेब सांभाळण्यापुरती उरली आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते लिहितो.

बाप्तिस्म्याची तयारी. प्राचीन मंडळीत तीन-तीन वर्षे शिकवून मग बाप्तिस्मा देत, असे त्या काळच्या नियमावलीत आढळते. आज काही ठिकाणी दोन आठवड्यांत आटोपतात. माझ्या मते नऊ महिने लागतातच, म्हणजे ३६ आठवडे, आठवड्याला एक तास. मार्काच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय, आठवड्याला एक. मग मत्तयाच्या ५ ते ७ अध्यायांतले डोंगरावरील प्रवचन सहा आठवडे, दहा आज्ञा दोन-दोन करून पाच, प्रभूची प्रार्थना तीन, प्रेषितांचा विश्वासांगिकार (ख्रिस्ती विश्वासाचे सूत्र) चार, आणि शेवटचे दोन आठवडे बाप्तिस्मा व प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) यांचा अर्थ. शिकणाऱ्याबरोबर मंडळीतला एक समवयस्क सोबती पहिल्यापासून बसवावा. स्त्रीबरोबर स्त्री, पुरुषाबरोबर पुरुष. सोबती नसला की बाप्तिस्म्यानंतर त्या माणसाला मंडळीत ओळखीचे कोणी उरत नाही आणि तो सहा महिन्यांत येईनासा होतो.

पहिल्याच भेटीत विचारायचे : बाप्तिस्मा का हवा? मागे कर्ज आहे का, आजार आहे का, लग्नाची अट आहे का, नोकरीची किंवा मुलाच्या शाळाप्रवेशाची आशा आहे का? यातले काही निघाले तर माणसाला घालवायचे नाही, पण बाप्तिस्मा थांबवायचा आणि शिकवणे चालू ठेवायचे. अठरा वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांना डावलून बाप्तिस्मा देऊ नये. सज्ञान असला तरी त्याला घरी आधी बोलायला लावावे, जमल्यास पाळकाने स्वतः जाऊन घरच्यांना भेटावे. गुपचूप केलेल्या बाप्तिस्म्याने घर फुटते, आणि पुढची दहा वर्षे ते घर मंडळीकडे पाठ फिरवते. सगळ्यांत वारंवार बिघडते ते आजारात. प्रार्थनेनंतर बरे वाटले, लगेच बाप्तिस्मा झाला, दोन वर्षांनी दुखणे उलटले आणि विश्वास गेला. त्या माणसाला बरे होण्यापलीकडे कोणी काही शिकवलेलेच नसते.

त्यालाच जोडून औषधांचे. प्रार्थना करणाऱ्याने औषध बंद करा असे कधीही सांगू नये. क्षयाचा साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि 'देवाने बरे केले' म्हणून गोळ्या सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतो आणि घरातल्या इतरांनाही धोका होतो. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या यांचेही तेच. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४मध्ये मिरजेला रुग्णालय उभारले तेव्हा प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली होत्या. त्या परंपरेतल्या माणसांनी औषधाला अविश्वास म्हणणे शोभत नाही.

आता सेवेचा आणि प्रचाराचा संबंध. यावरूनच बाहेर सर्वांत जास्त गैरसमज आहेत, आणि काही ठिकाणी आमचीच चूक आहे. माझे म्हणणे असे : मदत करण्याचा दिवस आणि शुभवर्तमान सांगण्याचा दिवस वेगळा असावा, शक्यतो माणसेही वेगळी असावीत. धान्य वाटताना भाषण नको, पत्रक नको, नाव-पत्ता लिहून घेऊन पुढच्या रविवारी बोलावणेही नको. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार लोक जेवले आणि दुसऱ्या दिवशी येशूला शोधत आले. तुम्ही पोटभर खाल्ले म्हणून मला शोधता, असे त्याने तोंडावर सांगितले. पुष्कळ जण निघून गेले तरी त्यांना थांबवायला त्याने पुन्हा भाकरी वाटल्या नाहीत. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याचा होकार होकार नसतो. हे पाळले नाही तर मदत घेणारा मिंधा होतो आणि ऐकणारा ढोंगी.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आसपासच्या तालुक्यांतून, धाराशिवकडून, कर्नाटकाच्या सीमेवरून रुग्ण येतात आणि नातेवाईक व्हरांड्यात झोपतात. तिथे भेटीला जाणाऱ्यांनी काय न्यावे? पिण्याचे पाणी, बिस्किटे, एक टॉवेल, मोबाईलचा चार्जर, आणि वॉर्ड, रक्तपेढी, औषधांचा काउंटर कुठे आहे याची पक्की माहिती. कन्नड वाचता येणारा एक जण सोबत असला तर अर्धे काम होते. दोघांपेक्षा जास्त जणांनी खाटेजवळ जाऊ नये, दहा मिनिटांत निघावे. प्रार्थना करायची तर आधी विचारावे, आणि नको म्हटले तर पाणी भरून देऊन निघावे. उशीखाली पत्रक सरकवू नये. शेजारच्या खाटेवरच्यांना त्रास होईल असा आवाज नको. कोणी आपणहून विचारले की तुम्ही हे का करता, तेव्हा येशूचे नाव मोकळेपणाने घ्यावे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) हेच आहे : विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध राहा, पण सौम्यतेने व आदराने.

कायदाही इथे स्पष्ट आहे. संविधानाचे २५वे कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना देते. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. मला यात मंडळीचे काही नुकसान दिसत नाही. मन पालटणे हे माणसाच्या हातचे काम नाही, असेच आमचे शास्त्र सांगते. आम्ही सांगायचे आणि तसे जगून दाखवायचे. मात्र सांगण्याच्या हक्कावर कोणी गदा आणली तर तोही मुकाट्याने सोडू नये.

पैशाकडे येतो. इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. गोळा झालेले दान अध्यक्षाकडे ठेवत आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे लोक यांची काळजी घेत. आपल्या अंदाजपत्रकाशी हे ताडून पाहावे. समजा मंडळीत १२० कुटुंबे आहेत आणि महिन्याला सरासरी ३०० रुपये देतात. वर्षाचे ४,३२,००० झाले. पाळक, शिपाई, वीज, पाणी यांना ५५ टक्के, शिक्षणाला १०, गरजूंच्या सेवेला २०, मंडळीबाहेरच्या शुभवर्तमान-कार्याला १० आणि दुरुस्तीला ५ टक्के ठेवले तर सेवेसाठी वर्षाला ८६,४०० निघतात, महिन्याला ७,२००. त्यातून सहा एकट्या वृद्धांना दरमहा ७०० रुपये देऊन ३,००० औषध व प्रवासाला उरतात. यातला ठरावीक भाग मंडळीबाहेरच्या गरजूंसाठी राखावा, नाहीतर सगळे आपल्यातच फिरते. तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विधवांच्या यादीचे नियमच आहेत : साठ वर्षांवरची असावी, आणि घरच्यांना शक्य असेल तर आधी त्यांनी सांभाळावे. म्हणजे पुण्याला नोकरीत असलेल्या मुलाला आधी फोन करायचा, मग यादीत नाव घालायचे. प्रत्यक्षात बिघडते ते नाताळात : सजावट, मंडप आणि जेवणावळ ठरलेल्या रकमेबाहेर जाते आणि कात्री सेवेच्या खात्याला लागते. नाताळची वर्गणी वेगळी गोळा करावी आणि खर्च तेवढ्यातच भागवावा.

दानपेटी मोजायची ती उपासना संपल्यावर तिथेच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी, आणि एक स्त्री असलीच पाहिजे. नोटांची फोड कागदावर लिहून दोघांच्या व खजिनदाराच्या सह्या घ्यायच्या, सोमवारी बँकेत भरणा, महिनाअखेरीस फलकावर आकडे. 'उद्या भरतो' म्हणून रक्कम कोणाच्याही घरी जाऊ नये, पाळकाच्या तर नाहीच. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा केले तेव्हा ते न्यायला एकट्याने निघाला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली आणि कोणी दोष लावू नये म्हणून असे केले, हेही लिहून ठेवले (२ करिंथ ८).

मिळकतीविषयी थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ३६प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त बदलले की कलम २२चा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत दाखल करायचा असतो. तो राहिला, किंवा दोन गटांनी दोन वेगवेगळे दाखल केले, की बँक सह्या मान्य करत नाही, पाळकाचा पगार अडतो आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालते. या भांडणात गेलेला वेळ मंडळीच्या मूळ कामातून वजा होतो. परदेशी पैशाची आशाही आता धरू नये. परकीय देणगी कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली. स्वतःच्या दानावर उभे राहण्याची अँडरसन यांची जुनी सूचना आता कायद्यानेच गळ्यात पडली आहे, आणि मला ते चांगले वाटते.

प्रभुभोजनाच्या मेजाकडे पंचांचे लक्ष सगळ्यांत कमी असते, आणि शिष्यत्वाची खरी परीक्षा तिथेच असते. करिंथच्या मंडळीत पैसेवाले लवकर येऊन खाऊन घेत आणि बाकीचे उपाशी राहत. पौलाने त्यांना सांगितले की हे प्रभूचे भोजन नव्हेच. आपल्याकडे नऊच्या उपासनेला धुणीभांडी करणाऱ्या बायका पोचत नाहीत, यंत्रमागावर पाळी असलेला पोचत नाही, बिडीचा माल द्यायला गेलेली पोचत नाही. महिन्यातून एकदा तरी संध्याकाळी सातला दुसरी प्रभुभोजनाची उपासना ठेवावी. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करून त्याच दिवशी दोघांनी भाकर व रस घरी न्यावा, आठवड्याने नव्हे.

रसाची कृतीही लिहितो, कारण दरवेळी बाजारातले रंगीत सरबत आणलेले दिसते. शंभर जणांसाठी पाव किलो काळ्या मनुका तीन पाण्यांनी धुऊन एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात शुक्रवारी रात्री भिजत घालाव्यात. शनिवारी त्याच पाण्यात दहा मिनिटे उकळून, कुस्करून, पातळ फडक्यातून गाळावे. साखर घालू नये. लहान पेल्यात सात-आठ मिलिलिटर धरले तर पुरते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात रस बाहेर ठेवला की दुसऱ्या दिवशी फसफसतो, म्हणून गार झाल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवावा, आणि उरलेला पुढच्या महिन्यासाठी साठवू नये.

एका पेल्यातून पिणे ही या मुलखात जातीला दिलेली सगळ्यांत मोठी धडक होती. वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसे एकाच भाकरीला हात लावत, हे पाहून गाव हादरे. आज पेले वेगळे झाले ते स्वच्छतेसाठी, त्याला हरकत नाही. पण लग्न जमवताना मूळची जात विचारली जाते, पंचांच्या निवडणुकीत जुने गट निघतात. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले २८वे वचन (ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हा भेद नाही) भिंतीवर रंगवून असे वागणाऱ्यांना मंडळीने उघडपणे विचारले पाहिजे. हे आम्हाला जमले नाही तर बाहेर सांगायला आमच्याकडे काय उरते?

घरगुती प्रार्थनासभा हा शिष्य घडवण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. आठ-दहा कुटुंबांचा गट, आठवड्यातून एक संध्याकाळ, एक तास : गीते दहा मिनिटे, वाचन दहा, चर्चा वीस, प्रार्थना पंधरा, निरोप पाच. चर्चेत तीनच प्रश्न. इथे देवाविषयी काय कळते, माणसाविषयी काय कळते, या आठवड्यात मी काय करणार? पुढच्या वेळी सुरुवातीला 'केले का' हे विचारावे. या सभा मोडतात त्या खाण्यापायी. एका घरी चहा, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी गुलाबजाम. मग ज्याच्याकडे परवडत नाही तो सभा घ्यायची टाळतो. पाणी आणि फार तर चहा, एवढाच नियम हवा. दुसरे म्हणजे एकच जण अर्धा तास बोलतो. त्याला शास्त्र वाचायचे काम द्यावे, प्रश्न दुसऱ्याने विचारावेत. ध्वनिक्षेपक अजिबात नको. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात ३०,००० घरांचा प्रकल्प आहे, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४मध्ये दिल्या गेल्या. शहरातल्या जुन्या वस्त्यांतली कामगार कुटुंबे तिकडे गेली आहेत. ती रविवारी रिक्षाचे भाडे घालून शहरात येतील अशी वाट न पाहता गटानेच तिकडे जावे.

तरुण पुण्याला जातात तेव्हा सभासदत्वाचे पत्र देऊन तिथल्या मंडळीला फोन करावा. हे काम पंधरा मिनिटांचे आहे आणि ते न केल्याने पिढी हातची जाते.

गाण्याविषयी एवढेच की नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर मराठी भजन-अभंगांच्या वाटेने येशूला आपल्या अंगणात आणले. १९१७मध्ये मिशनचे काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही येशूभक्त होते. चर्चच्या चार भिंतींबाहेरही शिष्य असू शकतात, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. टाळ-पेटी कपाटात ठेवून केवळ परदेशी चालींवर गाणाऱ्या मंडळ्यांनी त्यांच्याकडे परत पाहावे.

शेवटी, ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी. रविवारच्या उपासनेला कोणीही येऊ शकते, आमंत्रण लागत नाही. उपासना साधारण दीड तास चालते. मागच्या बाकावर बसावे, सगळे उभे राहिले की उभे राहावे, गीताचे पुस्तक शेजारचा देईल. दानाची पिशवी फिरेल तेव्हा काही टाकलेच पाहिजे असे नाही. ते सभासदांचे कर्तव्य आहे. प्रभुभोजन असेल तर ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असते, तेव्हा जागेवर बसून राहावे, त्यात अपमान मानू नये. संपल्यावर पाळक दाराशी उभे असतात. तुम्ही हे सगळे कशासाठी करता, असे त्यांना सरळ विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत वाटले तर पुन्हा विचारावे.

आपला,
मंडळीचा एक सेवक, सोलापूर